परदेसियांच्या नगरीतील विश्वनागरिक

छत्तीसगढी बोलीत बाहेरून येऊन स्थिरावलेल्या माणसाला 'परदेसिया' म्हणतात. हा परदेसिया सातासमुद्रापलीकडचा असावा लागत नाही; तो बलियाचा, पालघाटचा, भटिंड्याचा किंवा नागपूरचा असला तरी पुरते. भिलाईत जन्मलेल्या, इथल्याच शाळांत शिकलेल्या तिसऱ्या पिढीतील मुलांच्या कानांवरही हा शब्द अधूनमधून पडतो. उलट ज्यांच्या आजोबांच्या शेतांवर पोलाद कारखाना उभा राहिला, त्या गावांतील मुलांना 'देहाती' हा शब्द ऐकून घ्यावा लागतो. कारखान्याच्या वसाहतीला 'मिनी इंडिया' म्हणण्याची प्रथा आहे आणि ती खोटी नाही. परंतु जागतिक नागरिकत्वाच्या शिक्षणाविषयी या शहरातील तरुणांशी बोलायचे असेल, तर परदेसिया आणि देहाती या दोन शब्दांना वळसा घालून पुढे जाता येत नाही.

हा विषय आता केवळ परिसंवादांपुरता उरलेला नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणात जागतिक नागरिकत्व शिक्षणाचा समावेश करण्याचे स्पष्टपणे म्हटले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या चौथ्या उद्दिष्टातील ४.७ या लक्ष्याने त्यासाठी २०३०ची मुदत घातली आहे. युनेस्कोने आंतरराष्ट्रीय सामंजस्य आणि शांततेसाठी शिक्षण या विषयावर १९७४मध्ये केलेली शिफारस नोव्हेंबर २०२३मध्ये नव्याने मांडली आणि तिच्या शीर्षकातच जागतिक नागरिकत्वाला स्थान दिले. या दस्तऐवजांची भाषा उदात्त आहे. अशा भाषेचे मसुदे करण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली, त्यामुळे तिच्याविषयी मला आदर आहे आणि थोडा संशयही. एखादी कल्पना परिपत्रकाच्या भाषेत उतरली की ती शाळेपर्यंत पोहोचेतो तिचे 'दिवस साजरा करणे' होते. मग भित्तिपत्रके, वक्तृत्व स्पर्धा, प्रमाणपत्रे आणि अहवालासोबत जोडायची छायाचित्रे एवढेच मागे उरते.

भिलाईला या अनुभवाचा इतिहास आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि चार वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आरंभीची क्षमता होती वर्षाला दहा लाख टन. सोव्हिएत तंत्रज्ञ आपल्या कुटुंबांसह इथे येऊन राहिले. भारतीय अभियंते प्रशिक्षणासाठी सोव्हिएत कारखान्यांत गेले. 'रशियन कॉम्प्लेक्स' हे नाव आजही वसाहतीत वापरात आहे. १९७१च्या मैत्री करारानंतर वर्षभरात 'मैत्री बाग' उभी राहिली. आज तेथे येणारी बहुतेक कुटुंबे पांढरे वाघ पाहायला येतात. मैत्री कोणाची आणि कशासाठी, हे तेथे नौकाविहार करणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींना विचारून पाहावे. उत्तर न आल्यास दोष त्यांचा नाही. ती मैत्री दोन सरकारांमध्ये झाली होती, तिचे सोहळे सरकारांनी केले होते, आणि सोव्हिएत संघ लयाला गेल्यावर तिच्याविषयी बोलण्याची गरज कोणाला वाटली नाही.

ही गरज २०२२मध्ये अचानक निर्माण झाली. युक्रेनच्या मारिउपोल शहरातील अझोव्हस्ताल या पोलाद कारखान्याला पडलेला वेढा जगाने दूरचित्रवाणीवर पाहिला. भिलाईच्या उभारणीत सोव्हिएत बाजूने मुख्य अभियंता म्हणून काम केलेले वेनियामिन दिमशित्स हे जन्माने क्रिमियाचे. दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त झालेल्या झापोरिझ्झ्याच्या पुनर्बांधणीत त्यांनी काम केले होते. आपण ज्याला सरसकट 'रशियन मदत' म्हणत आलो, तिच्यात युक्रेनचे कारखाने, युक्रेनचे कसब आणि युक्रेनची माणसे किती होती, हा प्रश्न भिलाईच्या एखाद्या वर्गात विचारला गेला असता तर तो जागतिक नागरिकत्वाचा धडाच ठरला असता. त्याचे उत्तर रशियाच्या बाजूने किंवा युक्रेनच्या बाजूने असायला हवे, असे मुळीच नाही. मित्र म्हणजे कोण, तो देश की राज्यसंस्था की झोतभट्टीशी शेजारी उभे राहून काम करणारा माणूस, एवढे जरी मुलांनी आपसात घोळवले असते तरी पुष्कळ होते.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका अनौपचारिक चर्चेला मी बसलो होतो. आयटीआयची मुले होती, काही पदवीच्या मुली होत्या. आयोजकांनी फलकावर हवामानबदल, शांतता, विविधता असे विषय लिहून ठेवले होते. पहिला अर्धा तास पाठ केलेल्या वाक्यांत गेला. मग दल्ली-राजहऱ्याकडून आलेल्या एका मुलाने विचारले, की खाणीतले लोखंड संपले की आमच्या गावाचे काय होणार, हा प्रश्न जागतिक आहे की स्थानिक? फलक तसाच राहिला आणि पुढचे दोन तास त्या एका प्रश्नावर गेले.

त्या मुलाचा प्रश्न किती दूरवर जातो ते पाहावे. भिलाईचे लोहखनिज प्रामुख्याने बालोद जिल्ह्यातील दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून आले. ते साठे ओसरू लागल्यावर दृष्टी रावघाटकडे वळली, म्हणजे बस्तरच्या जंगलाकडे आणि तेथील आदिवासी गावांकडे. तेथे १९९६चा पेसा कायदा आणि २००६चा वनाधिकार कायदा लागू होतो. ग्रामसभेला बोलण्याचा अधिकार आहे. खनिज वितळवायला कोकिंग कोळसा लागतो. आपल्या देशाच्या गरजेपैकी बहुतांश कोकिंग कोळसा आयात होतो आणि त्याचा मोठा वाटा ऑस्ट्रेलियाचा असतो. भिलाईत तयार झालेले रूळ भारतीय रेल्वेच्या जाळ्यात देशभर पसरलेले आहेत. आणि या प्रक्रियेत दर टन पोलादामागे दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. भारताने २०७०पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन २०२१मध्ये ग्लासगोला दिले. युरोपीय संघाने कार्बनच्या हिशेबावर आधारलेली सीमाशुल्क पद्धत ऑक्टोबर २०२३पासून अहवाल देण्याच्या टप्प्याने सुरू केली आणि १ जानेवारी २०२६पासून आयातदारांवर तिचा आर्थिक भार टाकण्याचे ठरवले. पोलाद त्या यादीत अग्रभागी आहे. ज्या युरोपने दोन शतके कोळसा जाळून आपली शहरे उभारली, त्याने आता भिलाईच्या किंवा जमशेदपूरच्या धुराचा दर ठरवावा का, हा प्रश्न अन्याय्य वाटणे स्वाभाविक आहे. पण कारखान्याच्या भोवतालच्या वस्त्यांत जी हवा श्वासात जाते ती ब्रुसेल्सची नसते, हेही तितकेच खरे. एकाच वेळी या दोन्ही गोष्टी मनात धरता येणे, माझ्या मते, या शिक्षणाचे सार आहे. ते व्याख्यानाने येत नाही.

दल्ली-राजहऱ्याचा उल्लेख आला की शंकर गुहा नियोगी यांना टाळणे अशक्य आहे. बंगालमधून आलेला हा तरुण भिलाईच्या कारखान्यात कामाला लागला, तेथून बाहेर पडला आणि १९७७पासून खाणकामगारांची संघटना बांधू लागला. कामगारांच्या वर्गणीतून १९८३मध्ये शहीद रुग्णालय सुरू झाले. १८५७मध्ये रायपूरला फासावर गेलेल्या वीर नारायण सिंह यांची स्मृती छत्तीसगढच्या श्रमिकांत पुन्हा जागवण्यात नियोगींचा वाटा फार मोठा होता. म्हणजे या भूमीला तिचा विस्मृतीत गेलेला नायक परत मिळवून देणाऱ्यांत एक परदेसिया होता. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत नियोगींची हत्या झाली. पुढच्या वर्षी १ जुलैला रेल्वेमार्गावर बसलेल्या आंदोलक कामगारांवर गोळीबार होऊन अनेकांचे प्राण गेले. नियोगींच्या राजकारणाशी सहमत असणे आवश्यक नाही, माझे स्वतःचे काही मतभेद आहेत. मात्र बाहेरचा माणूस एखाद्या जागेचा नागरिक कसा होतो, याचे इतके जवळचे उदाहरण असताना आपण मुलांना नेल्सन मंडेलांवरचा निबंध पाठ करायला लावतो.

उलट दिशेचे उदाहरणही हाताशी आहे. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई. पारधी समाजातील या स्त्रीने, उभे राहून, हाती तंबुरा घेऊन, तोवर पुरुषांची समजल्या गेलेल्या कापालिक शैलीत पंडवानी गायली. त्यापायी समाजाचा बहिष्कार सोसला. पुढे त्यांना भिलाई पोलाद कारखान्यात नोकरी मिळाली, छत्तीसगढीतील महाभारत घेऊन त्या युरोपातील अनेक देशांत गेल्या आणि २०१९मध्ये पद्मविभूषणाच्या मानकरी झाल्या. जगापर्यंत जाण्यासाठी त्यांना आपली बोली सोडावी लागली नाही. इंग्रजी संभाषणाच्या वर्गाची जाहिरात पाहून खांदे पाडणाऱ्या आयटीआयच्या मुलांना हे कोणीतरी सांगायला हवे.

येथे महाराष्ट्रातील वाचकांना परितेवाडीची आठवण होईल. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील या गावच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२०चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा चर्चा झाली ती पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडची आणि पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी इतर अंतिम स्पर्धकांना वाटली त्याची. त्यांच्या दुसऱ्या उपक्रमाकडे त्यामानाने कमी लक्ष गेले. 'लेट्स क्रॉस द बॉर्डर्स' या नावाने त्यांनी भारत आणि पाकिस्तान, इस्रायल आणि पॅलेस्टाईन, इराण आणि इराक अशा एकमेकांशी वैर असलेल्या देशांतील मुलांना परस्परांशी बोलते केले. खर्चिक असे त्यात काही नव्हते. एक शिक्षक, इंटरनेट आणि मुलांवर विश्वास एवढेच भांडवल होते. भिलाईत मात्र सीमा ओलांडण्यासाठी इस्लामाबादपर्यंत जाण्याची गरज नाही. वसाहतीतील शाळा आणि कंत्राटी कामगारांच्या वस्तीतील शाळा यांच्यामधला रस्ता ओलांडला तरी प्रारंभ होईल. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी भिलाईवर अनेक वर्षे काम करून लिहिलेल्या ग्रंथात नेमकी हीच दरी दाखवली आहे : कायम नोकरी असलेला कामगार आणि कंत्राटी कामगार हे दोन वेगळे वर्ग बनले आहेत, त्यांची मुले वेगळ्या जगांत वाढतात. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर साठ हजारांहून अधिक कायम कामगार असलेल्या या कारखान्यात आज त्यांची संख्या निम्म्याहूनही कितीतरी खाली आली आहे. दरी रुंदावतेच आहे.

जागतिक नागरिकत्वावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की त्यामुळे राष्ट्रनिष्ठा पातळ होते. तो मला फारसा गंभीर वाटत नाही. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ५१ने आंतरराष्ट्रीय शांतता आणि न्याय्य संबंधांना राज्याचे मार्गदर्शक तत्त्व मानले आहे. मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' असे सूचित करणारा शब्द बदलून 'सर्व मानव' हा शब्द यावा यासाठी हंसा मेहता झगडल्या, त्या भारताच्या प्रतिनिधी म्हणूनच. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे : जागतिक नागरिक म्हणजे प्रत्यक्षात ज्याच्याकडे पारपत्र, इंग्रजी आणि व्हिसा आहे तो. भिलाईच्या शिकवणी वर्गांतून आयआयटीत आणि तेथून परदेशी गेलेल्या मुलांची संख्या मोठी आहे, घरोघरी त्यांचा अभिमानही आहे. पण मागे राहिलेल्यांच्या दृष्टीने 'ग्लोबल' हा शब्द निघून जाण्याचा समानार्थी झाला आहे. २०२३मध्ये जी-२०च्या अध्यक्षपदाच्या निमित्ताने पृथ्वी हे एक कुटुंब असल्याचे संस्कृत वचन चौकाचौकांत झळकले. (हितोपदेशात हेच वचन हरणाशी सख्य जोडून त्याला खाऊ पाहणाऱ्या कोल्ह्याच्या तोंडी येते, ही गंमत फलक लावणाऱ्यांच्या ध्यानी आली नसावी.) तरुणांना अशा वचनांतील पोकळी चटकन जाणवते, आणि ती जाणवली म्हणून त्यांना कोणी उद्धट ठरवू नये.

खरी अडचण शिक्षकांची आहे. संवाद म्हणजे उत्तर आधी ठाऊक नसलेला प्रश्न वर्गात येऊ देणे. रावघाटवर, युक्रेनवर, परदेसिया या शब्दावर मुले बोलू लागली की कोणाचे तरी मन दुखावणार, एखादा पालक तक्रार करणार, एखाद्या चित्रफितीचा तुकडा फिरणार. शिक्षक गप्प बसतो तो अज्ञानामुळे नव्हे, भीतीमुळे. ही भीती नवी नाही. भिलाईपासून तासाभराच्या अंतरावरील राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात गजानन माधव मुक्तिबोध शिकवत होते. मराठी घरातला हा हिंदी कवी. शाळांसाठी त्यांनी लिहिलेल्या भारताच्या इतिहास-संस्कृतीवरील पुस्तकावर १९६२मध्ये तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्या प्रकरणाचा खेद वाटतो आणि माजी प्रशासक म्हणून त्याचे यत्किंचितही आश्चर्य वाटत नाही.

म्हणून धोरणकर्त्यांकडे मागायचे असेल तर नवे पाठ्यपुस्तक मागू नये. आठवड्याला दोन तासिका मागाव्यात, ज्यांना गुण नाहीत, निकाल नाही आणि ज्यांचे माध्यम हिंदी वा छत्तीसगढी असू शकेल. त्या तासिकांत झालेल्या चर्चेबद्दल शिक्षकावर कारवाई करण्यापूर्वी जिल्हा पातळीवर शिक्षक आणि पालकांच्या समितीसमोर सुनावणी होईल, असा साधा लेखी आदेश मागावा. आदेशाचे एक पान शिक्षकाला दहा कार्यशाळांहून अधिक धीर देते, हे मी खात्रीने सांगू शकतो. आयआयटी भिलाईचा कायमस्वरूपी परिसर फेब्रुवारी २०२४मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. तो कुटेलाभाठा या गावालगत आहे. तेथील विद्यार्थ्यांनी आणि शेजारच्या गावांतील आयटीआयच्या मुलांनी मिळून पहिल्या पिढीच्या कामगारांच्या आणि जमीन गमावलेल्या शेतकऱ्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायला काय हरकत आहे? पहिल्या भट्टीच्या वेळी विशीत असलेली माणसे आज नव्वदीच्या घरात आहेत. हे काम पुढच्या पंचवार्षिक आढाव्यापर्यंत थांबू शकणार नाही.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)