कंसातले आबा

सेमिस्टरच्या प्रोजेक्टसाठी मी घरचाच सातबारा घेतला. राळेगाव तालुक्यातलं आमचं चार एकर कापसाचं वावर. एक्सेलमध्ये टाकायला कितीसा वेळ लागतो, म्हणत टाइप करत बसले. गट नंबर, क्षेत्र १ हेक्टर ६२ आर, आकारणी, खातेदार... सगळं आपापल्या खान्यात. बाबांना दाखवलं तर ते हसायलाच लागले.

"अवं, आबाले जित्तं केलं का तू? अन् सोसायटीचं कर्ज तं कवाच फिटलं. कंसात हाये ना थे!"

कंस! जुन्या सातबाऱ्यावर मयत खातेदाराचं नाव, फिटलेला बोजा पुसत नसत, कंसात टाकत. (२०२० मध्ये नमुना बदलला, आता कंसाऐवजी आडवी रेघ.) मी मजकूर उतरवला, खूण सोडली. या शीटवरून कुणी कर्जाची बेरीज केली असती, तर फिटलेलं कर्ज पुन्हा आमच्या डोक्यावर!

"मग 'चालू/कमी' असा एक कॉलम वाढव ना," मैत्रीण म्हणाली. पण गोची इथंच आहे. सातबारा अर्धा तक्ता, अर्धा मजकूर. क्षेत्र, आकारणी एक्सेलला जमतं, जेसनलाही. जेसन म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्याच. 'इतर हक्क'च्या रकान्यात मात्र वाक्यं असतात: कुणाचा बोजा, किती, कोणत्या फेरफारानं. त्यातला एखादाच तुकडा कंसात. जेसनमध्ये त्या तुकड्याला वेगळं नाव द्यायचं तर अख्खं वाक्य तोडून यादीत रचावं लागतं. वाचणाऱ्याचा जीव जातो.

एक्सएमएल १९९८ चं, मजकुरावर खुणा करायच्या परंपरेतलं. तिथं वाक्य सलग राहतं, तुकड्याच्या मागेपुढे टोकदार कंस येतात: इथून बोजा सुरू, इथं संपला. तलाठी पेनानं करायचे तेच की! पण नुसत्या आकड्यांना एक्सएमएल फार फुगतं, प्रत्येक आकड्याला दोन-दोन टॅग.

म्हणून मी भेळ केली. आकडे जेसनमध्ये, 'इतर हक्क'च्या खान्यात एक्सएमएलचा तुकडा. धोका आहेच. जेसनच्या लेखी तो तुकडा म्हणजे नुसती अक्षरं. टॅग बंद करायचा राहिला तरी ते हूं की चूं करत नाही. तो वेगळा तपासावा लागतो, आणि पहिल्याच दिवशी माझे दोन टॅग उघडे सापडले.

नवी प्रिंट बाबांनी दोनदा वाचली.

"आता जमलं. पण आबाचं नाव काहाडू नको."

काढलं नाहीये. कंसात आहे.