जमिनीवरील जलतरण तलाव

जमिनीवरील जलतरण तलाव म्हणजे खड्डा न खणता, सपाट केलेल्या जागेवर भिंत उभी करून आणि आत व्हिनाइलचे अस्तर घालून तयार केलेला, सुटा करता येणारा तलाव होय. अमेरिका व कॅनडातील उपनगरी घरांच्या परसात असे तलाव सर्रास आढळतात. काँक्रीटच्या तलावापेक्षा ते पुष्कळ स्वस्त असतात. घर बदलताना किंवा मुले मोठी झाल्यावर ते विकले जातात, त्यामुळे वापरलेल्या तलावांची खरेदी-विक्रीही तेथे नेहमीची आहे. प्रस्तुत लेखात मुख्यतः पोलादी भिंतीच्या, गोल आकाराच्या वापरलेल्या तलावाची उभारणी आणि त्यात उद्भवणारे दोष यांचा विचार केला आहे.

रचना आणि पाण्याचा भार

तलावाची भिंत म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या नालीदार पोलादी पत्र्याची एकच लांब पट्टी असते. तळाच्या खाचेदार पट्टीत ती गोलाकार उभी करून तिची दोन टोके नटबोल्टांच्या रांगेने जोडतात. बाहेरचे खांब आणि वरची कड तिला आकार देतात. परंतु पाण्याचा रेटा प्रत्यक्षात पत्राच पेलतो. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव जशी आवळून धरते, तसेच हे काम आहे. अस्तर केवळ पाणी अडवते, भार घेत नाही.

१८ फूट, म्हणजे सुमारे ५.५ मीटर व्यासाच्या तलावात १.२ मीटर पाणी भरले, तर त्याचे वजन सुमारे २८ टन होते. भिंतीच्या सांध्यावर त्या वेळी एकूण सुमारे दोन टन वजनाइतका ताण येतो. उभारणीतील जवळजवळ प्रत्येक नियमाचे कारण या दोन आकड्यांत आहे. पत्र्याचे सुटे भाग हलके असल्याने ही बाब सहज विसरली जाते.

खरेदीपूर्वीची पाहणी

तलाव शक्यतो उभा व भरलेला असतानाच पाहावा. भिंतीवरील वरवरचा गंज घासून रंगवता येतो. मात्र पत्रा आतून बाहेर सडला असेल तर तलाव घेऊ नये. स्किमरच्या चौकटीखालचा भाग, भिंतीचा सांधा आणि तळपट्टीलगतचा पत्रा या तीन जागा आधी गंजतात. तेथे पेचकसाचे टोक दाबले असता पत्रा दबला किंवा भोक पडले, तर निकाल लागला असे समजावे. सांध्याजवळ ठिगळ लावून भागत नाही.

जुने अस्तर पुन्हा वापरण्याचा मोह बहुतेकांना होतो. व्हिनाइल मऊ ठेवणारी द्रव्ये वर्षांगणिक निघून जातात. पाण्याचा दाब असेपर्यंत अस्तर ताणलेले राहते, तलाव रिकामा होताच ते आकसते आणि दुसऱ्यांदा ताणताना फाटते. म्हणून नवे अस्तर, नवी गॅस्केट आणि नवे नटबोल्ट यांचा खर्च जुन्या तलावाच्या किमतीत आधीच मिळवावा. फुकट मिळालेला तलावही या हिशेबाने फुकट राहत नाही. अस्तर मागवण्यापूर्वी भिंतीची उंची व व्यास स्वतः मोजावेत, कारण ४८ व ५२ इंची भिंती दिसायला सारख्याच असतात.

तलाव सोडवताना प्रत्येक भागावर क्रमांक घालून छायाचित्रे काढावीत. लंबगोल तलावांच्या सरळ बाजूंना स्वतंत्र आधार लागतात. नवख्या व्यक्तीने असा तलाव वापरलेला घेऊ नये, हे बरे.

जागा आणि पातळी

तलाव बिघडण्याचे मुख्य कारण असमान जमीन हे आहे. पाण्याचा पृष्ठभाग नेहमी समपातळीतच राहतो, त्यामुळे जमीन कललेली असल्यास एका बाजूला पाणी अधिक खोल होते. भिंतीवरचा रेटा खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. खोली १२० ऐवजी १२५ सेंटीमीटर झाली, तरी तो ८ ते ९ टक्क्यांनी वाढतो. खोल बाजूचे खांब बाहेर झुकतात, गोलाई बिघडते आणि सांधा उसवू शकतो. संपूर्ण व्यासावर पातळीतील फरक २.५ सेंटीमीटरपेक्षा अधिक नसावा, कमी असल्यास उत्तम.

जमीन सपाट करताना उंच भाग खणून काढावा, सखल भागात भर घालू नये. नवी भर कितीही चोपली तरी भाराखाली दबते. पातळी पाहण्यासाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. महाराष्ट्रातील गवंडी हेच साधन वापरतात. प्रत्येक खांबाखाली जमिनीत बसवलेली काँक्रीटची फरशी ठेवतात. आत सुमारे ५ सेंटीमीटर चाळलेल्या बारीक वाळूचा थर देऊन भिंतीच्या पायथ्याशी वाळूचा उतार दाबून बसवतात. हा उतार वगळल्यास अस्तर तळपट्टीच्या फटीतून बाहेर ढकलले जाते. गवत मुळासकट काढणे आवश्यक आहे. नागरमोथ्याचे टोकदार कोंब अस्तर भेदून तळातून वर येतात.

भिंत, अस्तर आणि पाणी भरणे

भिंत उलगडण्यासाठी वारा नसलेला दिवस निवडावा. सतरा मीटर लांबीचा पत्रा वाऱ्यात शिडासारखा फुगतो आणि धरणाऱ्यांना जखमी करतो. सांध्यातील प्रत्येक छिद्रात बोल्ट बसवावा, एकही रिकामे सोडू नये. अस्तर उन्हाच्या दिवशी घालावे, कारण उष्णतेने व्हिनाइल मऊ राहते.

पाणी तीन-चार सेंटीमीटर चढले की नळ बंद करून सुरकुत्या पायाने कडेकडे सारतात. अधिक पाणी चढल्यावर त्या हलत नाहीत. याच वेळी पाण्याच्या पृष्ठभागापासून भिंतीच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर आठ-दहा ठिकाणी मोजावे. फरक मर्यादेबाहेर असल्यास पाणी काढून टाकून जमीन पुन्हा सपाट करावी. या टप्प्यावर एक दिवस वाया जातो. तलाव भरल्यानंतर मात्र २८ टन उचलून पातळी दुरुस्त करता येत नाही. स्किमरसाठी अस्तराला छिद्र पाडणे हे पाणी त्या छिद्राच्या जरा खाली आल्यावरच करावे, म्हणजे अस्तर पूर्ण ताणलेले असते.

गळती शोधणे

पाणी घटले की गळती आहेच असे नाही. उन्हाळ्यात बाष्पीभवनही होते. तलावाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवून तिच्या आतील व बाहेरील पातळीवर खूण करावी. चोवीस तासांनंतर दोन्ही सारख्याच घटल्या असतील तर ते बाष्पीभवन. तलावाची अधिक घटली असेल तर गळती. घट फक्त पंप चालू असताना वाढत असेल, तर दोष बहुधा पंपानंतरच्या नळांत असतो. पाणी एका ठरावीक उंचीवर येऊन थांबले, तर भोक त्याच रेषेवर शोधावे. संशयित जागी रंगाचा थेंब सोडल्यास तो गळतीकडे ओढला जातो. बारीक भोकावर पाण्याखालीही व्हिनाइलचे ठिगळ चिकटवता येते. भिंतीबाहेर सतत ओल दिसू लागल्यास दिरंगाई करू नये. आतली वाळू वाहून जाते आणि पत्रा गंजतो.

पंप, गाळणी आणि पाण्याचा रंग

परतीच्या झोतातून बुडबुडे येणे म्हणजे पंपाच्या शोषण बाजूने हवा शिरणे. पाण्याची पातळी स्किमरखाली गेलेली असते किंवा झाकणाचे रबरी कडे सुकलेले असते. वाळूच्या गाळणीत दाब स्वच्छ स्थितीपेक्षा ८ ते १० पीएसआयने वाढला की उलट प्रवाहाने ती धुतात. तलावातच वाळू येऊ लागली, तर गाळणीतील नळ्या फुटलेल्या असतात; वापरलेल्या संचांत हे वारंवार दिसते.

पाणी हिरवे होणे हे बहुधा शेवाळाचे लक्षण आहे. सामू ७.२ ते ७.८ दरम्यान आणून संध्याकाळी क्लोरीनची जादा मात्रा देतात व गाळणी अखंड चालवतात. मात्र विहिरीच्या पाण्यात लोह असेल, तर क्लोरीन घालताच निव्वळ स्वच्छ पाणीही तांबूस किंवा हिरवट होते. तेथे अधिक क्लोरीन हा उपाय नाही. दोन प्रकारची क्लोरीनद्रव्ये कोरडी एकत्र करू नयेत, आग किंवा स्फोट होऊ शकतो. द्रव्य पाण्यात घालावे, द्रव्यावर पाणी ओतू नये.

सुरक्षितता

अमेरिकेत एक ते चार वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूंमध्ये बुडणे हे सर्वांत मोठे कारण आहे. तलावाभोवती किमान १.२ मीटर उंचीचा अडथळा असावा, असे तेथील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचे मार्गदर्शन आहे. शिडी वापरानंतर काढून घ्यावी किंवा कुलूपबंद करावी. पंपाचा विद्युतपुरवठा गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या उपकरणातूनच घ्यावा. या तलावांत सूर मारू नये. मान मोडण्याइतकीच त्यांची खोली असते.

जुन्या तलावांच्या बाबतीत आणखी एक तपासणी आवश्यक ठरते. जुलै २०२५ मध्ये नळ्यांच्या सांगाड्याचे, ४८ इंच किंवा अधिक उंचीचे सुमारे ५० लाख तलाव अमेरिकेत दुरुस्तीसाठी परत बोलावण्यात आले. खांबांच्या बाहेरून जाणाऱ्या ताणपट्ट्यावर पाय ठेवून लहान मुले आत चढू शकत होती, आणि २००७ ते २०२२ या काळात अशा नऊ मुलांचा बुडून मृत्यू झाला होता. हे तलाव २००२ पासून विकले जात होते, म्हणून त्यांतील अनेक आज दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे आहेत. असा पट्टा असलेला तलाव मिळाल्यास उत्पादकाकडून बदली दोर मागवून तो बसवेपर्यंत तलाव भरू नये.