बेड घरचा, वॉर्ड हॉस्पिटलचा!

आजोबांना न्यूमोनिया झाला की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं, ‘अ‍ॅडमिट करावं लागेल.’ मग बॅग भरा, डबे पोचवा आणि रात्री कोण थांबणार यावर फॅमिली ग्रुपवर चर्चा. पण अ‍ॅडमिट व्हायचं आणि तेही घरच्याच पलंगावर, असं झालं तर? ‘हॉस्पिटल अ‍ॅट होम’ ही कल्पना जगात आता चांगलीच रुळतेय.

इथे पेशंट किरकोळ आजारी नसतो. न्यूमोनिया, हार्ट फेल्युअर, सीओपीडी अशा आजारांत एरवी त्याला बेड द्यावाच लागला असता. आधी हॉस्पिटलमध्ये तपासणी होते. तब्येत स्थिर आहे, आयसीयूची गरज दिसत नाही आणि घरही सोयीचं आहे, याची खात्री पटली की त्याला घरी पाठवतात. शिरेतून द्यायची अँटिबायोटिक्स, ऑक्सिजन, रक्ततपासणी सगळं मागोमाग घरी पोचतं. डॉक्टर घरी येतात किंवा व्हिडिओ कॉलवर भेटतात.

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉ. ब्रूस लेफ आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात याची सुरुवात केली. २००५ मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात एक इंटरेस्टिंग गोष्ट दिसली. हॉस्पिटलमधल्या २४ टक्के ज्येष्ठांना डिलिरियम झाला, म्हणजे ते अचानक गोंधळले, भ्रमिष्टासारखे वागू लागले. घरी उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण होतं ९ टक्के. आपली खोली, आपली माणसं यांचाही उपयोग होतो तो असा.

बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलने ९१ पेशंट्सची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. २०२० मध्ये निकाल आला. घरच्या गटाचा खर्च ३८ टक्क्यांनी कमी. महिन्याभरात पुन्हा अ‍ॅडमिट व्हावं लागलं ७ टक्क्यांना, हॉस्पिटलच्या गटात २३ टक्क्यांना. त्याच वर्षी कोविडमुळे बेड कमी पडू लागले आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकी सरकारने हॉस्पिटल्सना अशी परवानगी दिली.

‘हे सगळं डॉलरवाल्यांचं’, असं वाटतंय? मग गडचिरोलीला चला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९०च्या दशकात ३९ गावांत वेगळाच प्रयोग केला. हॉस्पिटल लांब, त्यात आजारी तान्हं बाळ. म्हणून गावातल्याच, जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना बाळाचा श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि गरज पडल्यास जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. तिथला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला. आज आशाताई बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी येतात, त्यामागे हेच काम आहे.

आता खरा प्रश्न. नर्स येऊन गेली, उरलेला दिवस कोण बघणार? रात्री दोनला दम लागला तर उठणार कोण? हे सगळं न विचारता आईच्या किंवा वहिनीच्या अंगावर पडलं, तर वाचलेल्या बिलाची किंमत तिची झोप चुकवते. वन रूम किचनमध्ये पेशंट ठेवायचा कुठे, लाइट गेल्यावर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालणार कशावर, हेही आधीच ठरायला हवं. यातलं काहीच जमत नसेल, तर पेशंट हॉस्पिटलमध्येच बरा.

घरी उपचाराचा विषय निघाला तर फोनवरची सगळी धावपळ बहुतेक तुमच्याकडेच येणार. तेव्हा हे नक्की विचारा:

- तब्येत बिघडली तर रात्रीही उचलला जाईल असा नंबर कोणता?
- कुठल्या आकड्याला, कुठल्या लक्षणाला थेट हॉस्पिटल गाठायचं? अँब्युलन्स कोण पाठवणार?
- डॉक्टर आणि नर्स दिवसातून किती वेळा प्रत्यक्ष येणार?
- मेडिक्लेममध्ये ‘डोमिसिलिअरी हॉस्पिटलायझेशन’ आहे का? असेल तर अटी आणि वगळलेले आजार नीट वाचा.

आणि रात्रीच्या पाळीचं वेळापत्रक करताना पहिलं नाव स्वतःचं लिहा!