लंडनचा करार आणि कोळवणचा तांदूळ

भाताची झोडणी उरकली की मुळशी तालुक्यातल्या पौडच्या रस्त्याकडेला इंद्रायणी आणि आंबेमोहोराच्या पिशव्या दिसू लागतात. गेल्या सुगीत तिथं कोळवण खोऱ्यातल्या एका शेतकऱ्यानं माप थांबवून मोबाइल पुढं केला. "वाचा. नव्याण्णव टक्के माल इंग्लंडात बिनकराचा जाणार. आपला आंबेमोहोर आता लंडनला."

नव्याण्णवचा आकडा खरा आहे. पण त्याचा तांदूळ उरलेल्या एका टक्क्यात अडकलाय.

भारत आणि ब्रिटनमधल्या मुक्त व्यापार कराराची बोलणी जानेवारी 2022 मध्ये सुरू झाली, 6 मे 2025 ला संपली आणि 24 जुलै 2025 ला सह्या झाल्या. 99 टक्के म्हणजे शुल्कपत्रकातल्या ओळींपैकी 99 टक्के. प्रत्येक मालाला एक कोड, प्रत्येक कोडची एक ओळ, त्या ओळीपुढं शुल्क. ब्रिटननं काही ओळी सवलतीबाहेर ठेवल्या: साखर, डुकराचं मांस, कोंबडी, अंडी आणि सडलेला, पॉलिश केलेला तांदूळ. गंमत अशी की भाताची शेती म्हणावी अशी ब्रिटनमध्ये नाहीच. पण तांदूळ सडणाऱ्या गिरण्या आहेत, आणि त्यांना जपायचंय. म्हणून ठरावीक वाणांचा, नुसतं तूस काढलेला तांबूस बासमती तिकडं आधीपासूनच बिनशुल्क जातो. पांढरा करण्याची मजुरी तिथल्या गिरणीला मिळते. आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन आहे, पण मानांकन नावाचं रक्षण करतं. शुल्क माफ करत नाही.

आता उलटी भीती. "तिकडचं दूध आलं की आपल्या गोठ्याला कुलूप." तसं नाही. दूध आणि दुधाचे पदार्थ, सफरचंद, ओट्स, खाद्यतेलं या ओळी भारतानं उघडलेल्या नाहीत. तरीही करार म्हटला की मुळशीकराच्या कपाळाला आठी पडते, तिची मी थट्टा करणार नाही. 1921 मध्ये सेनापती बापटांबरोबर इथले शेतकरी धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले, कारण जमीन त्यांची आणि व्यवहार मुंबईत ठरलेला. मात्र या वेळी घाबरायचं की नाही, हे आपली ओळ काढून बघता येतं.

पिरंगुटला एका ओळखीच्याचं छोटं वर्कशॉप आहे. दोन व्हीएमसी मशिनं, बाकी टर्निंगचं काम. टेबलावर ब्रिटनला जाणारा खोका उघडा होता. आत तेल लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले मुठीएवढे पोलादी सुटे भाग, वर इन्व्हॉइस. त्याला वाटत होतं, आपला माल आता आपोआप स्वस्त पडणार. मी विचारलं, "इन्व्हॉइसवरच्या कोडला तिकडं आज किती शुल्क लागतं?" ते त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. शुल्क भरतं तिकडचं गिऱ्हाईक, मग हा कशाला बघेल? पण खरी मेख इथंच आहे. ब्रिटनच्या पत्रकात कितीतरी ओळी करारापूर्वीच शून्यावर होत्या. शून्याचं शून्य झालं तर हातात काही येत नाही. खरा फायदा कपडे, चपला-बूट, कोळंबी अशा चढं शुल्क असलेल्या मालाला.

शिवाय माल भारतातून निघाला म्हणून तो भारतीय ठरत नाही. आयात केलेली वस्तू नुसती खोक्यात भरून पुढं पाठवली तर सवलत नाही. इथं किती आणि कोणतं काम झालं याचे मालागणिक नियम आहेत. निर्यातदाराला मूळ देशाचा दाखला स्वतःच्या सहीनं देता येतो. सोय खरीच, पण चौकशी झाली तर कागद त्यालाच दाखवावे लागतात. मालक कोण, याचा इथं काही संबंध नाही. जवळच उरवड्याला ब्रिंटन्स या किडरमिन्स्टरच्या जुन्या कंपनीचा गालिच्यांचा कारखाना आहे. कंपनी ब्रिटिश, पण उरवड्यात विणलेला गालिचा नियमात बसला तर तो भारतीयच. आणि शुल्क गेलं म्हणून सगळे अडथळे गेले असंही नाही. पोलाद आणि ॲल्युमिनियमवर ब्रिटन 2027 पासून कार्बन शुल्क आणतंय, ते वेगळं.

सॉफ्टवेअर कंपन्यांची हिंजवडीही मुळशी तालुक्यातच, आणि तिथली अफवा वेगळी: "व्हिसा मोकळा झाला." झालेला नाही. आचारी, योगशिक्षक, शास्त्रीय संगीतकार अशांसाठी वर्षाला 1,800 जागांची सोय आहे, सॉफ्टवेअरवाल्यांसाठी तशी काही नाही. त्यांना मिळालंय ते सामाजिक सुरक्षेच्या जोडकरारातून. कंपनीनं तात्पुरतं तिकडं पाठवलेल्या माणसाला ठरावीक मुदतीपर्यंत ब्रिटनचा नॅशनल इन्शुरन्स भरावा लागणार नाही, त्याचा पीएफ इथंच चालू राहील. एका मर्यादेपुढच्या पगारावर मालकाचे 15 टक्के आणि नोकरदाराचे साधारण 8 टक्के, म्हणजे रक्कम लहान नाही. पण व्हिसाची फी आणि तिथल्या आरोग्यसेवेचा वर्षाला 1,035 पौंडांचा अधिभार सुटत नाही. इकडं येणाऱ्या ब्रिटिश कर्मचाऱ्यालाही हीच सूट आहे.

स्कॉचचं थोडक्यात सांगतो, कारण सगळ्यात जास्त चौकशी तिचीच होते. भारताचं आयात शुल्क 150 वरून 75 टक्के, मग दहा वर्षांत 40. दुकानातला भाव मात्र राज्याच्या उत्पादन शुल्कावरही ठरतो. नोव्हेंबर 2021 मध्ये महाराष्ट्रात आयात स्कॉच उतरली ती राज्यानं हे शुल्क 300 वरून 150 टक्के केल्यामुळं. तेव्हा या कराराची बोलणीही सुरू झालेली नव्हती.

आणि सही झाली म्हणजे दुसऱ्या दिवसापासून अंमल, हेही खरं नव्हे. भारताच्या स्वित्झर्लंड, नॉर्वे वगैरे चार देशांबरोबरच्या करारावर 10 मार्च 2024 ला सह्या झाल्या, तो लागू झाला 1 ऑक्टोबर 2025 ला.

तांदळाच्या ओळीचं सांगितल्यावर शेतकऱ्यानं मोबाइल खिशात टाकला. "मग पॉलिश न करता पाठवला तर?" त्याचं डोकं बरोबर चाललं होतं. मी म्हटलं, ती बिनशुल्काची वाट बासमतीची आहे, आंबेमोहोराची नाही. त्यानं माझी पाच किलोची पिशवी भरली, वर एक मूठ टाकली आणि भाव मात्र एक रुपयाही कमी केला नाही.