श्रद्धा आणि दवाखाना (भाग तिसरा): वर्ध्याची भेट

मागच्या आठवड्यात र. धों. कर्व्यांपाशी थांबलो होतो. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्या कामापायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली. कॉलेज ख्रिस्ती मिशनचं. पण अडवणूक एकाच धर्माकडून झाली असं कुणी समजू नये, म्हणून आज आपल्या विदर्भातली गोष्ट.

डिसेंबर १९३५. संततिनियमनाच्या प्रचारक मार्गारेट सँगर अमेरिकेहून वर्ध्याला आल्या, गांधीजींना भेटायला. त्या मूळच्या परिचारिका. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत त्यांनी बाळंतपणांनी खंगलेल्या, चोरून गर्भ पाडताना जिवावर बेतलेल्या बाया पाहिल्या होत्या. बायकांचे हाल गांधीजींनाही कळत होते, पण त्यांचा उपाय एकच, ब्रह्मचर्य. संग मूल हवं असेल तेवढ्यापुरताच. साधनं आली की वासनेला मोकळं रान. मूल नको असेल तर बाईने नवऱ्याला ठाम नकार द्यावा. बोलणं पुष्कळ झालं, दोघंही आपापल्या मतावर राहिले.

गांधीजींची निष्ठा खरी होती. मात्र ते व्रत त्यांनी स्वतः निवडलेलं होतं. दारू पिऊन घरी येणाऱ्या नवऱ्याला ‘नाही’ म्हणायची सोयच जिला नाही, तिने काय करायचं? मला हाच प्रश्न सगळ्यांत मोठा वाटतो. तो बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत नेला. पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा प्रस्ताव मांडला. बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर त्यांचं मत काय झालं असतं, हा मुद्दा त्यात रोखठोक होता. प्रस्ताव फेटाळला गेला.

आज जऊळक्यासारख्या गावात आशाताई गोळ्या आणि निरोध देतात. तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. तरी घराघरांत ऐकू येतं, ‘देवानं दिलं ते नाही म्हणू नये’, ‘एक पोरगा होऊ दे, मग ऑपरेशन कर’. बाईची स्वतःची श्रद्धा तिला साधनं नको म्हणत असेल, तर तिच्यावर जबरदस्ती नको. आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीने ते पापही करून पाहिलं आहे. पण सासूच्या नवसापायी सुनेने चौथं बाळंतपण का सोसावं?

म्हणून एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. १९७१ च्या गर्भपात कायद्यात अटी आहेत. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं आणि काही ठरावीक स्त्रियांना चोवीस आठवड्यांपर्यंत, दोन डॉक्टरांच्या मताने, मुभा आहे. पण अठरा वर्षांवरच्या सज्ञान बाईला तिची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. दवाखान्यात कुणी मागितली, तर हेच सांगा.

पुढच्या आठवड्यात त्या ‘एक पोरगा होऊ दे’कडे वळू, आणि गर्भलिंग चाचणी रोखण्यासाठी महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, केलेल्या कायद्याकडे.