पाळणाघर ते अणुचाचणी : आल्वा मिर्दाल

जगात कोणत्या देशाने किती शस्त्रं विकत घेतली, त्यात भारत कितवा, ही बातमी आपल्या वर्तमानपत्रांत दरवर्षी येते. आकडे ‘सिप्री’ या स्टॉकहोमच्या संस्थेचे असतात. ही संस्था 1966 साली उभी राहिली. तिचा आराखडा ज्या समितीने केला, तिच्या अध्यक्ष होत्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या आल्वा मिर्दाल. माझी मात्र त्यांच्याशी ओळख निराळ्या वाटेने झाली. मी बालवाडीताईंना शिकवण्यात आयुष्य घालवलं, आणि आल्वाबाईंनी 1936 मध्ये स्टॉकहोमला बालशिक्षिकांसाठी प्रशिक्षण संस्था काढून 1948 पर्यंत ती चालवली. बाई मुळात आमच्यातल्या, याचा मला अभिमान आहे.

जन्म 1902 चा, उप्सालाचा. वडील बांधकाम व्यावसायिक आणि सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे कट्टर समर्थक. आल्वा वाढल्या त्या एस्किल्स्तूनात मुलींना वरच्या शाळेत प्रवेशच नव्हता; खटपटी करून त्या शिकल्या. 1924 मध्ये अर्थतज्ज्ञ गुन्नर मिर्दाल यांच्याशी लग्न झालं. दहा वर्षांनी दोघांनी मिळून लोकसंख्येच्या प्रश्नावर पुस्तक लिहिलं आणि स्वीडनभर खळबळ उडाली. जन्मदर घसरत होता, त्याचं खापर बायकांवर फुटत होतं. मिर्दाल दांपत्याचं म्हणणं असं की मुलं हवी असतील तर घरं द्या, शाळेत जेवण द्या, पाळणाघरं काढा, आणि लग्न झालं म्हणून बाईची नोकरी घालवू नका. विवाहित स्त्रियांच्या नोकरीचा विचार करणाऱ्या सरकारी समितीच्या सचिव पुढे आल्वाच होत्या. लग्न किंवा बाळंतपणाच्या कारणावरून कामावरून काढण्याला 1939 मध्ये कायद्याने बंदी आली.

स्टॉकहोमच्या योन एरिक्सन रस्त्यावरची 1935 मधली एक इमारत आजही उभी आहे. कल्पना आल्वांची, वास्तुरचना स्वेन मार्केलिउस यांची. तळमजल्यावर सगळ्यांसाठी एकच स्वयंपाकघर, तिथून छोट्या लिफ्टने ताटं वर घरोघरी. मुलांसाठी खाली पाळणाघर. नोकरी करणाऱ्या आईची संध्याकाळ कशी जाते, हे ज्याने पाहिलंय त्याला त्या लिफ्टची किंमत सांगावी लागणार नाही.

पण लोकसंख्येवरच्या त्याच पुस्तकात ‘अपात्र’ ठरवलेल्या माणसांच्या नसबंदीचं समर्थनही होतं. स्वीडनमध्ये तसे कायदे झाले आणि हजारो जणांवर, मुख्यतः स्त्रियांवर, शस्त्रक्रिया झाल्या. हा डाग झाकून आल्वाबाईंचं कौतुक करणं मला पटत नाही.

युद्धानंतर त्या संयुक्त राष्ट्रांत आणि युनेस्कोत मोठ्या पदांवर गेल्या. 1955 ते 1961 या काळात त्या दिल्लीत स्वीडनच्या राजदूत होत्या. नेहरूंशी त्यांचा स्नेह जडला. गुन्नर यांच्या ‘एशियन ड्रामा’ या ग्रंथाची जमवाजमवही याच मुक्कामातली.

साठीला टेकल्यावर त्यांचं सर्वांत कठीण काम सुरू झालं. 1962 मध्ये त्या संसदेत गेल्या आणि त्याच वर्षी जिनिव्हाच्या नि:शस्त्रीकरण परिषदेत स्वीडनच्या प्रतिनिधी झाल्या. 1967 पासून त्या नि:शस्त्रीकरण खात्याच्या मंत्रीही होत्या. अणुचाचण्यांवर अंशतः बंदी घालणाऱ्या 1963 च्या करारातून भूमिगत चाचण्या सुटल्या होत्या. अमेरिका म्हणे, प्रत्यक्ष तपासणीशिवाय चोरून केलेला स्फोट कळणार कसा? रशिया तपासनीसांना दारात उभं करायला तयार नाही. आल्वाबाईंनी भूकंपशास्त्रज्ञांना हाताशी धरलं. स्फोटाचे हादरे दूरवरच्या यंत्रांवर उमटतात, देशांनी आपापल्या नोंदी एकमेकांना दिल्या तर फसवणूक लपणं अवघड, हे त्यांनी महासत्तांच्या प्रतिनिधींसमोर वर्षानुवर्षं मांडलं. मंत्र्याने शास्त्र समजून घेऊन बोलावं कसं, याचा हा धडाच आहे. महासत्तांना चाचण्या थांबवायच्याच नाहीत, तपासणीची अडचण ही सबब आहे, अशी त्यांची खात्री होत गेली. 1976 च्या ‘द गेम ऑफ डिसआर्मामेंट’मध्ये त्यांनी ते रोखठोक लिहिलं.

1982 मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, मेक्सिकोचे आल्फोन्सो गार्सिया रोब्लेस यांच्यासह त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. 1986 मध्ये त्या गेल्या. सर्व अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार त्यानंतर दहा वर्षांनी सह्यांसाठी खुला झाला. भारताने त्यावर सही केलेली नाही, आणि तो अजूनही अमलात आलेला नाही.