कायदा गेला, खटला राहिला

बहुतेक नव्या अधिनियमांच्या शेवटच्या पानावर ‘निरसन व व्यावृत्ती’ नावाचं कलम असतं. निरसन हा शब्द संस्कृतातला. निर् म्हणजे बाहेर, अस् म्हणजे फेकणं. शंकानिरसनातला तोच. फेकलेली शंका परत येत नाही, म्हणून फेकलेला कायदाही मुळापासून पुसला गेला, अशी समजूत होते. तिथेच गडबड आहे.

निरसनाने कायदा पुढे चालायचा थांबतो; मागे घडलेलं पुसलं जात नाही. 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम 6 सांगतं की नव्या कायद्यात वेगळा हेतू दिसत नसेल, तर आधीचे हक्क, देणी, शिक्षा, चालू खटले तसेच राहतात. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 ला आली. 30 जूनच्या रात्री फोडलेल्या दुकानाचा खटला मात्र जुन्या दंड संहितेखालीच चालणार. ‘व्यावृत्ती’ म्हणजे हेच राखून ठेवणं, आणि वकिलांचं निम्मं भांडण याच शब्दावर असतं.

‘संसदेने रद्द केला, म्हणजे देशभर संपला’ हेही दर वेळी खरं नसतं. 1976 चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा संसदेने 1999 मध्ये निरसित केला. पण जमीन हा राज्यांचा विषय. महाराष्ट्राने ते निरसन स्वीकारलं 29 नोव्हेंबर 2007 ला. तोवर इथे कायदा जिवंत होता. त्यानंतरही ज्या जमिनीचा ताबा सरकारने घेतला होता ती सरकारकडेच राहिली. नुसती कागदोपत्री सरकारजमा झालेली, पण ताबा मूळ मालकाकडेच असलेली सुटली. मग काय, एका जुन्या ताबा पावतीवर कोट्यवधींचे दावे! पंच खरंच जागेवर गेले होते का, की कचेरीत बसूनच सह्या झाल्या?

न्यायालयाने कलम घटनाबाह्य ठरवणं म्हणजे तर निरसनच नव्हे. निरसन करतं विधिमंडळ किंवा संसद. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 ला रद्दबातल ठरवलं, तरी पुढची कित्येक वर्षं पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवत राहिले. 2021 मध्ये हे कानावर आल्यावर न्यायालय थक्क झालं. कारण साधं होतं: कायद्याच्या पुस्तकात कलम पूर्वीसारखंच छापलेलं, आणि ते गेल्याची खबर खाली बारीक अक्षरातल्या तळटिपेत.